वाढलेलं ऑइल

माझे सासरे बत्तीस वर्षं टॅक्सी चालवत होते, आणि स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर त्यांना मास्तर म्हणायचे. कारण एकच. कुणी बॉनेट उघडलं की हातातला चहा अर्धा टाकून हे तिथे हजर. ऑइलची पट्टी एकदाच ओढून बघणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. गाडी सपाट जागेवर हवी. इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं झालेली हवीत, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरतं. मग पट्टी काढायची, पुसायची, पार टेकेपर्यंत परत घालायची, पुन्हा काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल कुठे आहे ते दोन्ही बाजूंनी बघायचं. मलाही त्यांनीच शिकवलं. आधी मुलाला शिकवून पाहिलं होतं, पण आमच्या ह्यांना बॉनेट कुठून उघडतं हे अजून विचारावं लागतं.

डोळे अधू झाले तेव्हा बाबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हापासून मी आठवड्यातले तीन दिवस डायलिसिसच्या तीन पेशंटना दवाखान्यात नेते आणि आणते. सुरुवातीला मी घरी आले की बाबा सगळं पुन्हा तपासायचे. एकदा माझं डोकं फिरलं. विश्वास नसेल तर किल्ली परत घ्या, असं मी तोंडावर सुनावलं. यापुढे गाडीला हात लावणार नाही, एवढंच ते म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

महिन्याभरापूर्वी उड्डाणपुलाच्या चढावर टेंपरेचरचा काटा लालपर्यंत गेला. तिथल्या तिथे थांबायला हवं होतं. पण मागे बसलेल्या आजोबांचा डायलिसिसचा आठचा नंबर होता, म्हणून मी गाडी तशीच दामटली. दवाखान्याच्या आवारात बघितलं तर पाण्याच्या पाइपची क्लिप सुटलेली. इंजिन गार होऊ दिलं, क्लिप आवळली, पाणी भरलं आणि घरी अवाक्षर काढलं नाही. एवढा तोरा मिरवल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार?

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर दिसलं. पुसून पुन्हा घातली, तेच. दोन दिवसांनी आणखी वर. ऑइल कमी झालं तर समजण्यासारखं आहे, वाढलं तर इंजिनात पाणी शिरलं असं समज, हा बाबांचाच धडा. इंजिन फार तापलं की असं होतं, आणि ते तापवलं होतं मी. इंजिन गेलं म्हणजे माझं काम गेलं आणि तीन आजारी माणसं दारात ताटकळत राहिली. रोज ऑइलचा थेंब बोटांवर चोळून तो दुधाळ दिसतो का बघायची. कधी दिसायचा, कधी नाही. शेवटी गॅरेजवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी आणा, इंजिनाचं हेड खोलावं लागेल, पंधरा दिवस गाडी विसरा.

त्या शुक्रवारी मी घरी आले. एरवी आधी हातपाय धुते आणि पाच मिनिटांत चहाला बसते. त्या दिवशी मोरीपर्यंत गेले आणि ठरवलं, आत्ताच सांगून टाकायचं. तशीच बाहेर आले.

बॉनेट उघडं होतं. बाबा पट्टी अगदी डोळ्यांशी धरून उभे होते. काखेत नरसाळं, आणि कुंपणाच्या भिंतीवर चहाच्या कपात ऑइल.

"बाबा, हे काय?"

चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. ऑइल कमी असतं, म्हणाले, तू येतेस तेव्हा दर वेळी कमीच असतं. बोललो तर तुला वाटेल चुका काढतो, म्हणून कपभर घालत होतो.

"अहो, पण इंजिन आत्ता बंद केलंय. दहा मिनिटं कुठे गेली?"

"तू यायच्या आत उरकावं लागतं ना," बाबा म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून तिथेच थबकले.

मला आधी हसू आलं, मग रडू. मी सगळं सांगितलं. बाबा हसले नाहीत. ऑइल का वाढलं ते कळलं, म्हणाले, पण पाणी शिरलं नाही असं त्यावरून ठरत नाही. गाडी रात्रभर हलवू नकोस. पाणी असलंच तर तळाशी बसेल आणि खालचा बोल्ट सैल केला की आधी तेच बाहेर येईल.

सकाळी मी सतरंजी टाकून गाडीखाली शिरले. बाबा स्टुलावर बसले होते. मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. बोल्ट सैल झाला आणि तळहातावर काहीतरी गार, जाड उतरलं.

"काय आलं?"

"ऑइल."

"नीट बघ."

"ऑइलच आहे, बाबा. पाण्याचा टिपूस नाही."

त्यांनी सोडलेला श्वास मला गाडीखाली ऐकू आला. जास्तीचं ऑइल घमेल्यात काढलं, बोल्ट आवळला, दहा मिनिटं थांबलो. ऑइल वरच्या खुणेच्या किंचित खाली. बाबांनी पट्टी हातात मागितली नाही, मी सांगितलं ते मानलं.

आता तापलेल्या इंजिनावरून भाषण होणार, अशी माझी तयारी होती. त्यांनी विचारलं, "गाडी गार होईपर्यंत किती वेळ उभी होतीस तिथे?"

"पाऊण तास."

"एकटी? मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही किल्ली काढून घ्याल म्हणून."

बाबा म्हणाले, "इंजिन गेलं असतं तर दुसरं बसवलं असतं. पण माझ्या सुनेला माझी भीती वाटते, हे मला कुठल्या पट्टीवर दिसणार होतं?"

मी ऑइलच्या हातांनीच त्यांच्या स्टुलाशी बसून रडले. महिनाभर छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलावा, तसं मला हलकं वाटलं.