अक्कांचा अंगठा

सोमवारी सकाळी नऊच्या आत अक्कांच्या बीपीचा आकडा माझ्या संगणकावर यायचाच. दोन वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता. गेल्या महिन्यात एका सोमवारी दहा वाजले, अकरा वाजले… आणि त्यांच्या गावच्या आशाताईंचा फोन आला. "मॅडम, अक्का गेल्या. पहाटे, झोपेतच." मी विचारलं, "टॅब्लेट बिघडला नाही ना?" अहो, काय बोलत होते मी! ऐकलेलं खोटं ठरावं म्हणून माणूस काहीही विचारतं.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. जळगावला विद्यापीठात मी पीएचडी करत होते. गावातल्या वयस्कर माणसांना आपला बीपी आपणच तपासून टचस्क्रीनवरून आरोग्य उपकेंद्राला कळवता येईल का, हा विषय. एरंडोलजवळच्या त्यांच्या गावात, बुद्धविहाराच्या ओट्यावर चाचणी चालायची. दंडाला पट्टा बांधायचा, आकडा आला की पडद्यावरच्या हिरव्या बटणाला बोट लावून तो पाठवायचा, बस्स. त्या बटणापाशीच घोडं अडलं. माणसं बोट लावायची, काहीच व्हायचं नाही. मी बटण मोठं केलं, रंग बदलले, राबून राबून कातडी टणक झाली असेल म्हणून सगळ्यांना बोटं ओली करायला लावली. पडदा ढिम्म. माझी मुदतवाढ संपत आलेली. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "या वयाच्या लोकांना टचस्क्रीन जमत नाही, असा निष्कर्ष लिहा आणि मोकळ्या व्हा." मी तसं प्रकरण लिहायलाही घेतलं होतं… आज आठवलं तरी लाज वाटते.

शेवटची म्हणून एक फेरी केली. अक्कांनी पदराने अंगठा पुसला, बटणावर टेकवला आणि बसून राहिल्या. मीही बसले. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पोरी, तुनं मशीन मुकं शे का?"

"अक्का, बोट उचला ना आता."

"कसं उचलू? ते बोलनं कोठे आजून?"

रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लावला की ते 'टूं' करेपर्यंत काढायचा नाही. आधी काढला तर दुकानदार खेकसतो आणि पुन्हा रांगेत उभं राहा. यंत्राशी वागायची ही रीत गावाला पक्की ठाऊक होती आणि सगळ्यांनी ती चोख पाळली होती. माझं बटण मात्र बोट टेकवून लगेच उचललं तरच चालणारं. जास्त वेळ दाबलं तर चूक समजून गप्प. अक्का मशीनच्या बोलण्याची वाट बघतायत, मशीन अक्कांच्या अंगठा उचलण्याची, आणि मी दीडशहाणी मधे पाण्याची वाटी घेऊन बसलेली! मला हसू आवरेना. अक्का म्हणाल्या, "बठ्ठा गाव शिकेल शे, तूच ऱ्हायनी." खरंच, सगळ्या गावात शिकायची राहिले होते ती मीच.

ते प्रकरण फाडून टाकलं. बटण दाबून धरायचं केलं आणि काम झालं की बोलणारं केलं. आवाज माझाच होता, 'धन्यवाद, कृपया बोट काढा.' अक्कांनी नाक मुरडलं. "हाई कोन साहेबीन बोलस व माय? सरक." मी धुळ्याची, आजी घरात अहिराणीच बोलायची, पण विद्यापीठात ती तोंडातून काढायला मीच लाजायचे. अक्कांनी टॅब्लेट पुढ्यात ओढला आणि ठणकावलं, "व्हयनं, आते काढ आंगठा." मी रेकॉर्डिंग थांबवायच्या आत पुढचंही आलंच, "काढ ना माय, चिकटी गयी का?" तेही ठेवून दिलं. कुणी अंगठा फारच वेळ धरला तर मशीन हे दुसरं वाक्य ऐकवायचं. मग काय, गावातल्या बायका मुद्दाम धरून ठेवायच्या आणि खिदळायच्या.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनीही अंगठा धरून ठेवला, अक्कांचा ओरडा खाल्ला आणि दचकून हात मागे घेतला. सगळे हसले. पेढे घेऊन गेले तेव्हा हे सांगितलं, तर अक्का म्हणाल्या, "मंग मीबी अर्धी डाक्टर!" त्या दिवसापासून आशाताई त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायच्या आणि अक्का खुशाल ओ द्यायच्या.

परवा त्यांच्या सुनेने अक्कांकडचा टॅब्लेट परत आणून दिला. अक्कांच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. जाताना म्हणाली, "मॅडम, मशीनमधला आवाज बदलणार का आता?" मी नाही म्हटलं, तशी तिने डोळे पुसले आणि हसली.

टॅब्लेट आता माझ्या टेबलावर असतो. सोमवारी नऊ वाजता मी हिरव्या बटणावर अंगठा टेकवते. "व्हयनं, आते काढ आंगठा." मी काढत नाही… मला पुढचं ऐकायचं असतं.