धाकटीचा डावा बूट

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे धाकटीच म्हणतात. आता तिचे केस माझ्याइतकेच पांढरे झाले, तरी धाकटीच. बाहेर ती शिंपीणबाई. तिची सगळी शाळा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून झाली. दोन्ही पाय डावीकडे सोडून ती बसायची. जाताना तिला रस्त्याची एक कड दिसायची, येताना दुसरी. समोर मी. आणि मी तेव्हाही अंगाने असा रुंद, की माझ्या पलीकडचं बघायचं म्हणजे भिंतीपलीकडचं बघायचं.

लहानपणी तिला मोठा ताप आला होता. ताप गेला, पण डावा पाय बारीक राहिला. घोटा तर नुसता लोंबता, पाऊल उचलायला गेलं की खाली मान घालतं. बाकी धाकटी तिखट. झाडावर हाताच्या जोरावर चढायची, पोहायची, मला शर्यतीत नाही पण भांडणात रोज हरवायची. सायकलचा तोलसुद्धा तिने पटकन साधला होता. अडायचं एकाच ठिकाणी. पेडल वर येताना डावं पाऊल त्यावरून घसरायचं आणि फिरतं पेडल खाडकन नडगीवर बसायचं. एकदा तिने कापडाच्या काठाची पट्टी घेऊन पाऊल पेडलला बांधलं. छान गेली थोडी, मग कलंडली, आणि गाठ काही सुटेना. सायकलसकट तिला उचलून आणावं लागलं. आईने त्या दिवशी पट्टीही चुलीत घातली आणि हट्टही. म्हणाली, देवाने भाऊ दिलाय, सायकल त्याची, मागची जागा तुझी, आता यावर बोलणं नको.

धाकटी बोलली नाही. पुढे शिवण शिकली, पायमशिनवर बसली. उजवा पाय काम करतो, डावा शेजारी पाहुण्यासारखा बसून असतो. लग्न तिने केलं नाही. विचारणारे दोघेतिघे आले, त्यांनी आधी पायाकडे बघितलं आणि मग तोंडाकडे, तेवढ्यावरून तिने त्यांना वाटेला लावलं. आमच्याच घराच्या खालच्या दोन खोल्यांत तिचं दुकान आहे. खोल्या रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, त्यामुळे मशिनसमोरच्या खिडकीतून माणसं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात. धाकटी पायांवरून गिऱ्हाईक ओळखते. बाई दारात यायच्या आतच हिच्या हातात तिचा कपडा तयार. पण सायकल गेली की मशिन थांबायचं. नुसती दोन पावलं खालीवर, खालीवर, आणि गेली. मग मशिन पुन्हा सुरू. मी वर जिन्यात बसून हे इतकी वर्षं ऐकत आलोय. न मागणं वेगळं आणि नको असणं वेगळं, एवढं तर माझ्यासारख्या दोन मास्तरांच्या शाळेत शिकलेल्यालाही कळतं.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर माझी नात म्हणते तसं, आजोबा गावाला निघाले की वेशीवरच मुक्काम. ही नात चांगली नोकरी करणारी, पण सुट्टी आली की सायकलवर डोंगरच्या डोंगर पालथे घालणारी. एकदा तिच्या सायकलच्या बुटाचा पट्टा उसवला, तो शिवून घ्यायला ती धाकटीकडे आली. धाकटीने बूट हातात घेतला, उलटा केला, आणि बघतच राहिली. तळव्याला एक धातूची पट्टी बसवलेली. ही काय नाल ठोकलीय का, असं तिने विचारलं.

नातीने सांगितलं की ही पट्टी पेडलमध्ये अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते, एरवी नाही. या पेडलला क्लिपलेस म्हणतात. आता अडकवणाऱ्या वस्तूला बिनक्लिपची म्हणायचं, म्हणजे नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, असं मी म्हणालो. पण माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नातीने सायकल भिंतीला टेकवली, बूट घालून पेडलवर दाबला. कट् असा आवाज झाला. मग तिने पेडल गरागरा फिरवून दाखवलं. पाऊल आपलं त्याच्याबरोबर फिरतंय.

धाकटी म्हणाली, "पाय झाडला तरी निघत नाही?"

"नाही निघत."

"आणि पायात जोरच नसेल तर?"

नातीने एकदा आत्याआजीच्या पायाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मी जिन्याच्या कठड्याकडे बघू लागलो.

पुढच्या आठवड्यात नातीने तिचे जुने बूट आणले. उजवा धाकटीने परत केला. डावा धाकटीच्या बारीक पावलाला होडीएवढा झाला, तर तिने आतून जाड कापडाची गादी शिवून तो बेतात आणला. सायकलवाल्याने खाली वाकलेल्या दांड्याची एक सायकल जुळवली. डावीकडे ते बूट अडकवणारं पेडल, उजवीकडे साधं. असलं विजोड पेडल आपण आजवर बसवलं नव्हतं, असं तो म्हणाला. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हेही त्याने कौतुकाने सांगितलं. त्यावर धाकटी म्हणाली, माझ्याही डाव्या पायाचं तसंच आहे, जमेल दोघांचं.

गोदामांच्या मागे एक रुंद रस्ता आहे, सुट्टीला तिथे चिटपाखरू नसतं. तिथे आम्ही गेलो. धाकटी स्वतः शिवलेल्या पँटमध्ये. नातीने बूट पेडलमध्ये बसवून दिला. मी मागून कॅरिअर धरून धावलो. धावलो म्हणजे, या वयात जे होतं त्याला धावणं म्हणा. थोड्या अंतरावर माझा दम संपला आणि हात सुटला. सायकल गेली तशीच पुढे. उजवा पाय दाबत होता आणि डावा, तो आयुष्यभराचा पाहुणा, त्याच्यामागोमाग वर, खाली, पुन्हा वर. एकदाही घसरला नाही. नात टाळ्या पिटत होती. मी गुडघ्यांवर हात ठेवून बघत होतो.

रस्त्याच्या टोकाला धाकटीने ब्रेक दाबले, सायकल व्यवस्थित थांबवली, आणि डावीकडे उतरली.

उतरली कसली! सगळं आयुष्य कॅरिअरवरून डावीकडे उतरण्यात गेलेलं. सायकल थांबली की अंग आपोआप तिकडेच जाणार. आम्ही तिघांनी पेडलचा विचार केला, बुटाचा केला, गादीचा केला. हा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. पाऊल पेडलमध्ये पक्कं, आणि टाच वळवायची ताकद घोट्यात नाही. धाकटी सायकलसकट आडवी.

आम्ही पोचलो तोवर ती तशीच पडून होती. कोपर सोललेलं. मला आई आठवली, पट्टी आठवली. मी पुटपुटायला लागलो होतो की पुरे झालं, उगाच हाडं मोडून घ्यायची.

ती आभाळाकडे बघत म्हणाली, "दादा, पाय सुटला नाही रे."

मला वाटलं तक्रार करतेय. नीट बघितलं तर बाईच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. पडल्याचं तिला काहीच नव्हतं. तिच्यासाठी बातमी एवढीच होती.

मग सुरू झाली उजवीकडे उतरण्याची शाळा. धाकटीने मशिनचं स्टूल सरकवून डावीकडून भिंतीला चिकटवलं, म्हणजे उठायचं तर उजवीकडूनच. उठताना किती वेळा खांदा भिंतीवर आपटला! वरच्या मजल्यावर मला ऐकू यायचं. बुटाच्या पट्ट्याला तिने लांब फासा शिवला. अडचण आली तर फासा ओढायचा, पट्टा उघडतो, पाऊल बाहेर, बूट राहू दे पेडलमध्ये. गिऱ्हाइकं विचारायची, शिंपीणबाई, भिंतीशी काय भांडण. ती म्हणायची, जुनं आहे.

आणि एका सकाळी आम्ही कालव्याच्या रस्त्यावर गेलो. सरळ रस्ता, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला झाडं. दगडावर उजवा पाय टेकून तिने स्वतःच बूट अडकवला. कट्. मागे कुणी धरलं नाही. ती निघाली ती लहान होत होत झाडांत दिसेनाशी झाली. नात म्हणाली, जाऊ का मागून. मी नको म्हणालो, पण माझं सगळं लक्ष त्या झाडांकडे. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर कालव्याचं पाणीही थांबल्यासारखं वाटायला लागलं.

शेवटी ती आली. ब्रेक दाबले, अंग उजवीकडे टाकलं, उजवा पाय टेकला. पण उतरली नाही. आल्या वाटेकडे मान वळवून बघत राहिली.

"पुढे पूल आहे," ती म्हणाली. "पुलानंतर चढ लागतो. मी थोडी चढले, मग मांडी भरून आली. चढाच्या वर रस्ता वळतो, तिथून पुढचं दिसत नाही."

नातीने तो रस्ता शंभरदा तुडवलेला. ती उत्साहाने सांगायला लागली, आत्याआजी, वळणानंतर ना...

"सांगू नकोस," धाकटी म्हणाली.

त्याला आता बरेच दिवस झाले. दर सुट्टीला ती जाते. एकाच पायाच्या जोरावर चढ चढायचा, तोही या वयात, सोपं नाही. कधी पुलापाशीच थांबते, कधी थोडी वर जाते. गुडघ्याला रात्री तेल लावते. वैद्यबाई म्हणाल्या, चढ सोडून बाकी सगळं करा. त्यांना हिने बरं म्हटलं.

काल दुपारी काही द्यायला खाली गेलो, तर मशिन बंद. खिडकीसमोरून कुणी सायकलवाला जात होता. त्याची पावलं निघून गेली तरी ती तिकडेच बघत बसलेली. मी विचारलं, काय बघतेस. ती म्हणाली, हा चढावरून आला असेल का? त्याच्या चाकांना तांबडी माती होती. आपल्याकडे तांबडी माती कुठे आहे?

परवा ती वळणाच्या अलीकडच्या झाडापर्यंत पोचली होती.