पदराच्या गाठीतला गूळ

आषाढ पौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून बायका अष्टशीलाचं, आठ नियमांचं व्रत घ्यायला बुद्धविहारात येऊ लागल्या, की सुपडू आबा त्यांना दारातच अडवतो. हातात गुळाची पुडी असते. प्रत्येकीला एकच प्रश्न, साखरेच्या आजाराची गोळी चालू आहे का? जी हो म्हणेल तिच्या हातावर तो एक खडा ठेवतो आणि बजावतो, की दुपारी बारानंतर हातपाय थरथरले तर हा बिनघोर तोंडात टाकायचा, शील मोडत नाही. नव्या सुना पदराआड हसतात. म्हातारं सटकलं, असं एखादी म्हणतेही. जुन्या बायका मात्र मुकाट्याने हात पुढे करतात, कारण त्यांना आबाची बायको भागाबाई आठवते.

आबाने बोदवडजवळच्या रेल्वे फाटकावर एकतीस वर्षं काढली. फाटक पडलं की पडलं. मग पलीकडे लग्नाचं वऱ्हाड ताटकळत असो, नाहीतर पाटलाचा ट्रॅक्टर. शिव्या खाल्ल्या, दोनदा मारही खाल्ला, पण वेळेआधी फाटक उघडलं नाही. आपल्या फाटकावर कधी शेळीसुद्धा मेली नाही, हे तो पाहुण्यारावळ्यांना न चुकता ऐकवायचा. अशा माणसाशी संसार म्हणजे घड्याळाशीच संसार. भागाबाईने तो निभावला. तो फाटकावर आणि ती इकडे यावलजवळच्या गावात, केळीच्या बागांत निंदणी-खुरपणी करत. पोरगा जीवन त्यातूनच शिकला आणि पुण्याला नोकरीला लागला.

निवृत्तीनंतर आबाने सगळं लक्ष धम्माकडे लावलं. बाकीचे लोक अष्टशील पौर्णिमा-अष्टमीपुरतं पाळतात. याने ठरवलं, वर्षावासाचे, म्हणजे आषाढ ते आश्विन पौर्णिमेपर्यंतचे, तिन्ही महिने रोज पाळायचं. दुपारी बारानंतर अन्नाचा कण नाही. गावात असं कुणी केलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यातली अर्धी हौस तीच होती. भागाबाई म्हणाली, तुम्ही पाळाल आणि मी संध्याकाळी चूल पेटवून एकटी जेवू होय? तीही बसली. तिला साखरेचा आजार होता, सकाळी गोळी असायची. तिसऱ्या महिन्यात संध्याकाळी तिला कापरं भरायचं. आबा म्हणायचा, सवय नाही म्हणून होतं. ती गुपचूप पडून राहायची.

व्रत सरायला आलं तेव्हा जीवनने फोनवर विचारलं, की आनंद कसा साजरा करायचा? भागाबाईने डोंगर मागितला. चाळीस वर्षं बागेत वाकून निंदताना मान वर केली, की समोर सातपुडा दिसायचा. पोरसवदा असताना ती तिथून जळणाच्या मोळ्या आणायची. डोक्यावर मोळी न घेता एकदा तिथे नुसतं बसायचं, एवढीच तिची इच्छा होती. जन्मात तिने मागितलं ते इतकंच, आणि आबालाही ते मनापासून आवडलं.

आश्विन पौर्णिमेला, शेवटच्या दिवशी, दोघं रूपचंदच्या रिक्षाने निघाली. वाटेत यावलला दुसऱ्या दिवशीच्या खीरदानासाठी अर्धा किलो गूळ घेतला. रूपचंदने त्यांना रस्ता संपतो तिथे सोडलं आणि चार वाजता न्यायला येतो म्हणून तो परत गेला. दोघं नाल्याच्या कडेने चढून मोठ्या खडकाशी पोचली. अकरा वाजता डबा उघडला, पण भागाबाईला आनंदानेच भूक नव्हती. अर्धी भाकरी खाल्ली, उरलेली वानरांना टाकली आणि त्यांची भांडणं बघत पोरीसारखी हसली. मग दोघं डोळे मिटून ध्यानाला बसली.

सव्वादोनला तिला दरदरून घाम फुटला. तिने पिशवीतून गुळाचा खडा मोडून घेतला, पण तोंडात टाकण्याआधी नवऱ्याकडे पाहिलं.

"मले कसंतरी व्हऊन राह्यलं. एवढा घेऊ का?"

आबाने मनगटावरचं घड्याळ बघितलं. आणि हसत, अगदी मायेने म्हणाला, "भागाबाई, फाटक पडलं. आता सकाळीच."

तीही हसली. खडा पदराच्या टोकाला बांधला आणि खडकाला टेकून बसली. आबाने पुन्हा डोळे मिटले. त्याने ते उघडले तेव्हा ती आडवी झाली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. फोनला रेंज नव्हती. तिला पाठुंगळी घेऊन, पडत-झडत त्याने रस्ता गाठला, आणि तिथे रूपचंदची वाट पाहत बसण्यावाचून त्याच्या हातात काही नव्हतं. दवाखान्यात डॉक्टरने पहिलाच प्रश्न केला, साखर पार उतरली आहे, गोड काही दिलं होतं का? पहाटे भागाबाई गेली. नर्सने तिची साडी गुंडाळून आबाच्या हातात दिली. पदराला गाठ तशीच होती.

भागाबाईच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला, आषाढात शील देणारेच भंतेजी आले. माणसं पांगल्यावर आबाने त्यांच्यासमोर मूठ उघडली. खडा पाघळून काळा पडला होता.

"एवढाच होता, भंते. चालला असता का?"

भंतेजी नाही म्हणाले असते तर म्हातारा उरलेलं आयुष्य ढकलू शकला असता. आपल्यासारख्याने ते खोटं सहज बोलून टाकलं असतं. पण भिक्खूचं चीवर अंगावर असलेल्या माणसाला ती सोय नसते.

"चालला असता, आबा. आजाऱ्याला औषध म्हणून गूळ, मध केव्हाही चालतं. भगवंतांनीच तशी मुभा दिली आहे."

आबाची मूठ हळूहळू मिटली. "मंग हे मले आषाढातच काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाही, आबा."

एकतीस वर्षं फाटकावर आबाने कुणाला काही विचारलं नव्हतं, लोकच त्याला विचारायचे आणि तो नाही म्हणायचा. त्यानंतर त्याने अष्टशील कधी घेतलं नाही, घड्याळ काढून फडताळात टाकलं. आषाढ पौर्णिमेला तेवढा तो सगळ्यांच्या आधी विहाराच्या दारात येऊन उभा राहतो. कुणी विचारायची वाट बघत नाही.