वरचा मध्यम

काचीगुड्याच्या पद्मावती उदगीरकरांना फार लोक ओळखत नाहीत. त्यांच्या बंदिशी मात्र हैदराबादच्या कितीतरी गाण्याच्या क्लासांत शिकवल्या जातात, आणि शिकवणाऱ्यांपैकी निम्म्यांना त्या कुणी बांधल्या हे ठाऊकही नसतं. पद्माताईंना त्याचं काही वाटत नाही. "गातात ना? मग झालं," म्हणतात.

बंदिशी बांधायला त्या लागल्या त्या शाळेतल्या मुलींमुळे. सुलतान बाजारातल्या एका शाळेत त्या संगीत शिकवायच्या. मुली तेलुगू, उर्दू, मारवाडी घरांतल्या. ब्रजभाषेतले जुने शब्द त्यांच्या तोंडात बसत नसत. शेवटी पद्माताईंनी त्यांच्याच हैदराबादी बोलीत भूप बांधला: 'कायकू देरी करे सहेली'. वर्ग आधी खूप हसला आणि मग चक्क सुरात गायला.

पद्माताईंच्या गुरुजींच्या कानावर हे गेलं तेव्हा ते चिडले. "बंदिशीत 'कायकू'? उद्या 'नक्को' घालशील!"

पद्माताईंनी लवकरच मारव्यात 'नक्को' घातला. गुरुजींनी तो ऐकला, पुन्हा एकदा म्हणायला लावला, आणि त्यानंतर विषयच काढला नाही.

शाळेची नोकरी संपली, घरी शिकवण्या सुरू झाल्या, बंदिशी वाढत गेल्या. सगळ्या बांधल्या त्या गळ्यातच. पेटीवर सूर शोधणं त्यांना कधी जमलं नाही. गळा जिकडे जाईल तिकडे चाल जायची.

म्हणून थायरॉइडची गाठ निघाली तेव्हा घर हादरलं. ऑपरेशन झालं. गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, असा रिपोर्ट आला आणि रेल्वेतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान मकरंदराव दवाखान्याच्या जिन्यातच बसले. पण शुद्धीवर आल्यावर पद्माताई पाणी मागायला गेल्या, तर तोंडातून नुसती हवा बाहेर आली.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासलं. एक स्वरतंतू हलत नव्हता. "नस दुखावली आहे. बहुतेक वेळा आवाज परत येतो. वाट पाहू."

"आणि नाही आला तर?" मकरंदरावांनी विचारलं.

"बोलण्यापुरता काही उपाय करता येईल. गाण्याचं मी सांगू शकत नाही."

पद्माताईंनी शिकवण्या बंद केल्या. तानपुऱ्याला गवसणी चढली. बागेश्रीतली एक बंदिश अर्धवट राहिली होती. अस्थाई झाली होती, पुढचा अंतरा सुचायचा होता. तो आता कसा सुचणार, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. विचारायला आवाजही नव्हता.

ज्योती त्यांची जुनी शिष्या. माहेर तेलुगू, नोकरी कुकटपल्लीच्या एका ऑफिसात, मराठी पद्माताईंकडूनच उचललेलं. एका रविवारी ती न सांगता आली आणि तिने गवसणी काढली.

"मॅडम, तुम्ही बोलू नका. मी गाते, तुम्ही हात दाखवा."

पद्माताईंनी मान फिरवली. ज्योतीने तानपुरा लावला, अस्थाई गायली आणि अंतऱ्याच्या तोंडाशी थांबून राहिली. मग पद्माताईंचा हात उचलला गेला. त्यांनी हवेत एक रेघ ओढली, ज्योतीने ती गायली. "नाही" अशा खुणेने हात झटकला, ज्योतीने दुसरं गायलं. चूक झाली की मांडीवर थाप बसायची. असं करत ओळ वरच्या गंधारापर्यंत पोचली आणि पद्माताईंचा हात सवयीने खाली वळला. त्यांच्या प्रत्येक अंतऱ्याचं वळण तिथेच होतं, कारण त्यांचा स्वतःचा गळा त्याच्या वर नीट जात नसे.

हात मध्येच थबकला. ज्योतीचा गळा तर वर जात होता! त्यांनी हात आणखी उंच नेला. ज्योती गंधाराच्याही पुढे, वरच्या मध्यमावर गेली आणि भरल्या श्वासाने तिथे स्थिरावली.

पद्माताई रडायला लागल्या. आतल्या खोलीतून मकरंदराव घाबरून धावत आले. पद्माताईंनी हातानेच सांगितलं, काही नाही, बसा आणि ऐका.

त्यानंतर शिकवण्या खुणांवर सुरू झाल्या. घशाचे व्यायामही त्या आता मन लावून करू लागल्या.

उन्हाळा सरता सरता दोघं नवराबायको तपासणीहून रिक्षाने परत येत होती. रिक्षावाला बोलण्याच्या नादात भलत्याच रस्त्याला वळला.

"अरे मियाँ, किधर जा रे? काचीगुडा बोले ना!"

आवाज खरखरीत होता, जाडही होता, पण आवाज होता. मकरंदराव बायकोकडे बघतच राहिले.

"पुन्हा बोल."

"अहो, काय बोलू?"

"काहीही बोल. मला शिव्या दे."

रिक्षावाल्याने वळून पाहिलं. मागे दोन म्हातारी माणसं हातात हात धरून हसत होती. "वापस मोडूँ क्या, अम्मा?" त्याने विचारलं.

"जाने दो, भाई," पद्माताई म्हणाल्या. "थोडा घूम के चलो."

आवाज पूर्वीच्या जागी आला नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या पद्माताई आता काळी दोनमध्ये, म्हणजे बऱ्याच खालच्या पट्टीत गातात. डॉक्टर म्हणतात, एवढं आलं तेच पुष्कळ. पद्माताईंनाही तसंच वाटतं. सध्या दरबारी बांधायला घेतला आहे. या गळ्याला खर्ज छान लागतो, असं त्या येईल त्याला कौतुकाने सांगतात, आणि वरच्या सुरांचं काम निघालं की ज्योतीला फोन करतात.