डाव्या कानातला शंख

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये आबांचं पोथीवाचन असे. तयारी माझ्याकडे: सतरंज्या, खुर्च्या, चहा, त्यातले दोन बिनसाखरेचे. आबा म्हणजे माझे वडील. ते दूध संस्थेतून सचिव म्हणून निवृत्त झाले, तेव्हापासून हे सुरू होतं.

आबांचं सांगणं एकच. पोथीत बाहेरचं काहीच नाही. रान म्हणजे मन, राक्षस म्हणजे राग, दरवाजांचं नगर म्हणजे हे शरीर. लढाईआधी वाजतो तो शंख आतच वाजतो. जागा झालेल्यालाच ऐकू येतो.

एका गुरुवारी शंखाच्या ओवीपाशी ते थांबले. "पंखा बंद कर," मला म्हणाले. एप्रिलचा उकाडा होता. मी बटण दाबलं.

"मला ऐकू येतो," ते म्हणाले. "महिना झाला. अखंड."

गारगोटीचे मामा, आमचे लांबचे पावणे, उठून त्यांच्या पाया पडले. "आबा पोचलं की!" मग सगळेच रांगेने पाया पडले.

त्यानंतर घरात पंखा दिवसभर बंद. आबा डोळे मिटून ऐकत बसत. चेहऱ्यावर असं समाधान मी आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. पण मला इतर गोष्टीही दिसत होत्या. फोन ते आता उजव्या कानाला लावत. बाथरूमला जाताना भिंत धरत.

"आबा, कुठल्या कानात वाजतो?"

"डाव्या."

"म्हणजे आत्मा डाव्या बाजूला राहतो होय? डॉक्टरांना दाखवू या."

"तुला सगळ्याची यादी लागते," ते चिडले. "आतलं तुझ्या यादीत बसत न्हाय."

मामांनीही मला झापलं. "तपश्चर्येला औषध घालतीस व्हय गं?"

मी दोनदा नंबर लावला, दोन्ही वेळा ते पायरी उतरले नाहीत. दिवाळीनंतर बाथरूममध्ये पडले, तेव्हा रिक्षात घालून नेलं.

कानाच्या नसेवर गाठ होती. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवली. पावट्यापेक्षा मोठी, पांढरी. आबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"आवाज हिचाच?"

"हिचाच. लवकर आला असता तर बरं झालं असतं."

ऑपरेशन झालं. डावा कान कायमचा गेला, तोंड उजवीकडे थोडं ओढलं गेलं. आवाज मात्र थांबला नाही. काहींचा राहतो, डॉक्टर म्हणाले.

बरं वाटल्यावर आबांनी पुन्हा गुरुवार धरला. मी खुर्च्या त्यांच्या उजव्या बाजूला मांडल्या. शंखाची ओवी आली. त्यांनी ती वाचली आणि सरळ पुढची घेतली.

मामांना राहवेना. "आबा, शंखाचा अर्थ सांगा की. ऐकू येतोय न्हवं अजून?"

"शंख म्हणजे शंख," आबा म्हणाले. "समुद्रात घावतो."

चहा घेऊन सगळे लवकर उठले. पुढच्या गुरुवारी एकटे मामाच आले आणि पोथी न उघडताच गेले. सतरंज्या मी धुऊन माळ्यावर टाकल्या.

त्या दिवशी मी कप विसळत होते, तर आबा दारात येऊन उभे राहिले. "आवाज त्योच हाय गं," म्हणाले. "जरासुद्धा बदलला न्हाय."

मी नळ बंद केला.

ते आपल्या खोलीत गेले. जानेवारीची थंडी होती. त्यांनी पंखा पाचवर लावला, शाल गुंडाळून खाली बसले. तेव्हापासून तो कुणाला बंद करू देत नाहीत.