राबातल्या चिठ्ठ्या

ती घटना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कितीतरी चोऱ्या-मारामाऱ्या विसरलो, ही नाही विसरलो. नावं सांगणार नाही. माणसं इथलीच आहेत, बाजारात भेटतात.

लोकसभेचा निकाल लागला होता आणि विरोधातल्या पाच पक्षांना तो मान्य नव्हता. कालपर्यंत एकमेकांचे बॅनर फाडणाऱ्यांनी तालुक्यात आघाडी केली आणि तहसील कचेरीवर मोर्चा ठरवला. बंदोबस्त माझ्याकडे होता. मी सातवी पास. शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार झालो, कुणाच्या चिठ्ठीवर नाही. नोकरीचं शेवटचं वर्ष होतं.

मोर्चाच्या आदल्या सकाळी माझ्या खबऱ्याचा फोन आला. म्हसा गावच्या जत्रेत बैलांची दलाली करणारा हा माणूस, सगळी गावं त्याच्या पायाखालची. म्हणाला, "दादा, आघाडीचे तिघं एका शेतात जळके कागद काढून व्हिडिओ करतायत. मतं जाळली म्हणतायत. लोकं जमाय लागलीत."

जीप काढली. शेतात राब भाजलेला होता. भाताची रोपं टाकायच्या आधी आमच्याकडे जमीन भाजतात. खाली शेण, त्यावर फांद्या-पाला, गवत, आणि वर मातीचा थर, म्हणजे आग दमानं चालते. त्या राबाच्या कोपऱ्यात अर्धवट जळालेला गठ्ठा होता. मी एक चिठ्ठी उचलून बघितली. मशीनमधून पडणाऱ्या चिठ्ठीवर उमेदवार असतो. हिच्यावर मतदाराचं नाव आणि केंद्र होतं. म्हणजे मतदानाआधी घरोघर वाटतात ती चिठ्ठी. मत एकही जळालं नव्हतं. पण ऐकतो कोण? राबाला हात लावू द्यायचा नाही असं सांगून एक शिपाई तिथं ठेवला आणि तिघांना ठाण्यात आणलं.

तीन पक्षांचे तिघं एका बाकावर बसले. त्यातल्या दोघांची मारामारी मागच्या निवडणुकीत मीच सोडवली होती.

"मावलात की रे एका बाकावर," मी म्हटलं.

त्यातला वयस्कर शेतकरी म्हणाला, "साहेब, पाच वेगळे लढलो तेव्हा घरी बसलो. आता बाक तरी मिळाला."

आमचे साहेब तरुण, परीक्षा देऊन आलेले, शहरातले. ते म्हणाले, "मोर्चा तापवायला यांनीच कागद आणून पुरले. खोटा पुरावा तयार केल्याचा गुन्हा दाखल करा."

बाकावरचा सर्वात लहान, विशीतला, एकदम पांढरा पडला. पोलीस भरतीची मैदानी परीक्षा तो पास झाला होता. मला हळूच म्हणाला, "काका, गुन्हा लागला तर माझी भरती संपली. बापानं वावरात राबून मला धावाय पाठवलंय."

मी तिघांना वेगवेगळं बसवून विचारलं. एक म्हणाला, मोर्चाचं आवतण द्यायला पायवाटेनं चाललो होतो. दुसरा म्हणाला, नाव दिसलं कागदावर म्हणून थांबलो. तिसरा म्हणाला, काठीनं उकरलं तर गठ्ठाच निघाला. पढवून आणलेली माणसं एकाच शब्दांत बोलतात. ह्यांचे शब्द तीन, गोष्ट एक. माझी खात्री झाली.

साहेबांना म्हटलं, "साहेब, तुम्ही कधी राब भाजलाय?"

"नाही."

"मी भाजलाय. दोन पंच घेऊन चला."

साहेबांना राग आला, पण आले. गठ्ठ्याचा अर्धा भाग अजून मातीत होता. त्याच्यावरची माती भाजून भाकरीच्या पापुद्र्यासारखी धरली होती, कुठं चीर नाही. खाली पाल्याची राख. असा पापुद्रा एकदा फोडला की पुन्हा धरत नाही. म्हणजे चिठ्ठ्या राब रचतानाच आत गेल्या होत्या. शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलं, राब निकालाच्या आठवडाभर आधी पेटवला. निकाल लागायच्या आधी निकालाविरुद्ध पुरावा कोण पुरेल? साहेब खिशातून रुमाल काढून हात पुसत राहिले.

शेत एका म्हाताऱ्याचं. त्याची सून अंगणवाडी सेविका, चिठ्ठ्या वाटायचं काम तिच्याकडे. ठाण्यात आल्या आल्या ती म्हणाली, "मीच जाळल्या. मामांना यातलं काय ठावं नाय."

मागं म्हातारा उभा. "खोटं बोलतेय ही. पोतं ओटीवर होतं. मतदान झालं, मला वाटलं रद्दी. राबाला कायबी चालतं."

मी म्हटलं, "बाबा, गठ्ठा जळत नाय. सुटा करावा लागतो."

"ते आता कळलं," म्हातारा म्हणाला.

चिठ्ठ्या उरल्या कशा? सून म्हणाली, "आख्खी वाडी वीटभट्टीवर गेलेली. घरांना कुलपं. कुणाच्या हातात देऊ?" उरलेल्या कचेरीत जमा करायच्या, ते तिच्याकडून राहिलं होतं.

मग पंचनाम्यावरून ओढाताण झाली. आघाडीचा तो शेतकरी म्हणे, मतं जाळली असं लिहा. साहेब म्हणत, चिठ्ठ्यांचा उल्लेख थोडका ठेवा. मी कुणाचं ऐकलं नाही. माझं अक्षर कोंबडीच्या पायाचं. त्या अक्षरात, वाडीच्या कुलपांसकट, दिसलं तेवढं लिहिलं आणि पंचांच्या सह्या घेतल्या. साहेबांनी दोनदा वाचलं आणि सही केली.

तिघं त्याच दुपारी सुटले. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला, फेरमोजणी मागत. जळालेल्या मतांची घोषणा कुणी दिली नाही. सेविकेला नोटीस आली, पण पंचनाम्यात कुलपं होती म्हणून तिचं काम टिकलं. आणि तो पोरगा आज वर्दीत आहे. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही.

निकाल खरा होता की नव्हता, मला माहीत नाही. ते ठरवणं माझं काम नव्हतं. मी एवढंच शिकलो, की भांडण केवढंही मोठं असो, पोलिसानं पायाखालची माती आधी बघावी. शिकलेल्या साहेबांना जे दिसलं नाही ते मला दिसलं, याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

पुढच्या निवडणुकीला तीच सेविका माझ्या दारात आली. चिठ्ठी दिली, वही पुढं केली. "सही करा, दादा. या खेपेला एकेकाची घेतेय. उरलेल्या त्याच दिवशी कचेरीत."

मी सही केली. ती बघून हसली. "अक्षर काय सुधारलं नाय तुमचं."

"त्याच अक्षरानं तुझं काम राखलंय," मी म्हटलं.