चुकलेल्या वाक्याचे कप

मी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहिलं, ‘व्हेन रमेश मेट द हेडमास्टर, ही इज अँग्री,’ आणि मोठ्या रुबाबात वळलो.

“कोण अँग्री?” प्रशिक्षक सरांनी विचारलं. “रमेश की हेडमास्टर?”

“दोघंही असतील, सर. आमच्या शाळेत तसंच असते.”

वर्ग हसला. मीही हसलो. पन्नाशीला टेकलेला, समुद्रपूरकडचा जिल्हा परिषदेचा मास्तर. पोट सुटलेलं, बोटांना खडू.

“एका वाक्यात दोन चुका,” सर म्हणाले. “ ‘ही’ कोण, पत्ता नाही. ‘मेट’ भूतकाळात, ‘इज’ वर्तमानात. उचला कप.”

चूक माझीच होती. ‘वॉज’ हवं होतं, अन् रागावलं कोण त्याचं नाव हवं होतं. पण कप?

वर्ध्याला आमचं इंग्रजीचं प्रशिक्षण होतं. प्रमाणपत्र मिळालं तरच पगाराची पुढची श्रेणी. सरांनी पहिल्याच सकाळी नियम केला होता : ज्याचं वाक्य चुकेल त्यानं सगळ्यांचे चहाचे कप गोळा करून नळावर विसळायचे. खेळीमेळीत शिकायचं म्हणे.

आर्वीच्या एका सरांनी एकाच वाक्यात तिन्ही काळ घातले. त्यांना सर म्हणाले, “घाई झाली तुमची.” माझी मात्र घाई कधीच होत नव्हती. माझी चूकच व्हायची. पहिल्या दिवशी दारात सेलूकडच्या नव्या शिक्षिकेला मी ‘जय भीम’ घातला, तिनंही घातला. सर मागेच उभे होते. नंतर हजेरी घेताना मला म्हणाले, “नाव राहू द्या, आडनाव सांगा.”

तरी मी कप उचलले. वर कोट्याही केल्या. “घरी बायकोसमोर हीच प्रॅक्टिस चालते,” म्हणालो. वर्ग खूश. दुसऱ्या दिवशीही उचलले.

तिसऱ्या दिवशी सेलूकडच्या त्या पोरीला फळ्यावर बोलावलं. तिनं वाक्य लिहिलं. सरांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ‘शी’ कोण ते स्वच्छ. काळ जागच्या जागी. चूक नव्हती.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “तरी कप तुम्हीच घ्या आज. तुमच्या लोकांना सवय असते.”

दोघं-चौघं हसले. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. आता मास्तर काहीतरी बोलेल. कोटी तयार होती. जिभेवर आली होती.

पोरीनं ट्रेला हात लावला. मान खाली. ती हसली. थोडंसंच.

ते हसू मी ओळखलं. माझी माय कापूस वेचायला जायची. वजनाच्या वेळी मालक तिच्या फाटक्या लुगड्यावर काहीबाही बोलायचा, अन् ती असंच हसायची. घरी आली की तोंड धुवायची. खूप वेळ धुवायची. मी म्हणायचो, माय, किती पाणी सांडतं.

कोटी गिळली.

“ताई, ट्रे ठेवा खाली.”

“अहो, गंमत आहे,” सर म्हणाले.

“मग आज तुम्ही विसळा, सर.”

पोरीनं ट्रे खाली ठेवला.

“प्रमाणपत्र पाहिजे ना तुम्हाला?” सरांनी विचारलं.

“पाहिजे. इंग्रजीचं. भांडी घासल्याचं नाही.”

कप दिवसभर तसेच राहिले. साखरेवर माश्या बसल्या. एकाही हातानं उचलले नाहीत, आर्वीच्या सरांच्याही नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बाजूला कोणी बसलं नाही. पोरगी डबा घेऊन आली, बसली.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. ती भाजी निवडत होती. हात थांबला.

“पहिले दोन दिवस काऊन उचलले जी?”

“गंमत चालली होती म्हणून.”

तिनं भाजी बाजूला सारली. डोळे भरले होते की काय, मी पाहिलं नाही. मग म्हणाली,

“उद्या लवकर जाजा. ते आता त्या पोरीवर उलटतीन, तिच्या आधी जाऊन बसजा. सर्टिफिकेट गेलं त जाऊ द्या. मान खाली घालून आणलेला कागद या घरात ठेवाचा नाई.”